दादीच्या ट्रंकेतील कागद
(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपण मला विषय दिला आहे 'आपल्या घराण्याचा इतिहास'. विषय मोठा वाटतो. घराणे म्हटले की राजे, नवाब, जहागीरदार डोळ्यांपुढे येतात. आपण बहुतेक जण त्यांपैकी नाही. म्हणून मी सुरुवात एका साध्या प्रश्नाने करतो. एकदा नववीच्या वर्गात मी विचारले, "आजोबांचे नाव कोणाला सांगता येईल?" सगळे हात वर झाले. "पणजोबांचे?" निम्मे हात खाली आले. "आणि पणजीचे?" दोनच हात वर राहिले, आणि त्यातील एक मुलगी म्हणाली, "सर, आमच्या घरी त्यांना बडी माँच म्हणायचे. नाव माहीत नाही."

मी तिला काय बोलणार? माझ्या पणजीचे नाव मलाही त्या दिवशी ठाऊक नव्हते. इतिहास शिकवण्यात माझे आयुष्य गेले. शहाजहानच्या बेगमेचे नाव मला तोंडपाठ होते, पण ज्या बाईच्या रक्ताचा मी आहे तिचे नाव मला माहीत नव्हते. त्या संध्याकाळी घरी जाऊन मी दादीची ट्रंक उघडली. पुढे जे सांगणार आहे ते त्या ट्रंकेतून निघाले.

आधी एक कबुली. ट्रंकेत पूर्वी कागदांचे दोन गठ्ठे होते. एका वर्षी रंगसफेदीच्या वेळी त्यातला एक रद्दीत गेला. "उर्दूत आहे, कोणाला वाचता येते?" असे म्हणून तो मीच बाहेर ठेवला होता. आज तुम्हाला शहाणपण सांगणारा माणूस हाच आहे, हे ध्यानात ठेवून ऐका.

नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांतील माणसाला आपली मुळे शोधणे इतरांपेक्षा थोडे अवघड आहे, आणि त्याला कारणे आहेत. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो. नंतर हैदराबाद राज्यात, १ नोव्हेंबर १९५६ पासून द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. लातूर जिल्हा तर १५ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबादेतून, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातून, वेगळा झाला. गाव जागचे हलले नाही, पण त्याचे कचेरीतले घर चार वेळा बदलले. कागदही त्याच्यामागे फिरले. काही तहसिलीत राहिले, काही जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात, काही औरंगाबादेस, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, आणि फार जुने हैदराबादला तारनाक्याच्या पुराभिलेखागारात.

दुसरी अडचण लिपीची. संस्थानात आधी कारभार फारसीत चाले, पुढे उर्दूत आला. गावपातळीवर मोडी होती. देगलूर-बिलोलीकडे तेलुगू, उदगीर-निलंग्याकडे कानडी. त्यात उर्दू तरी सरळ का असते? ती शिकस्ता, म्हणजे मोडकी, घाईच्या हाताची. रकमा पुष्कळदा सियाक पद्धतीच्या आकड्यांत. म्हणून उत्तम उर्दू वाचणारा मौलवीसुद्धा जुन्या दस्तापुढे अडतो. त्यात कमीपणा नाही. तो वेगळा हुन्नर आहे.

तिसरी अडचण सनांची. तुमच्या ट्रंकेतील कागदावर तीनपैकी कोणताही सन असू शकतो: इसवी, हिजरी किंवा फसली. संस्थानातील फसली वर्ष उत्तरकाळात आजूर महिन्यापासून, म्हणजे ६ ऑक्टोबरच्या सुमारास, सुरू होई. फसलीत ५९० मिळवले की ऑक्टोबर ते डिसेंबरचा इसवी सन येतो, आणि पुढच्या महिन्यांसाठी ५९१. तीर १३४५ फसली म्हणजे मे १९३६. पण त्याच महिन्यात हिजरी सन चालू होता १३५५. आता कोणी कबरीच्या दगडावर १३५५ वाचले, तो फसली समजून ५९१ मिळवले, तर आजोबा दहा वर्षे उशिरा वारले असे होईल! हिजरी वर्ष चांद्र आहे, ते साधारण अकरा दिवसांनी लहान. त्यात ठराविक आकडा मिळवून चालत नाही, कोष्टक पाहावे लागते. मुलांनो, गणिताच्या सरांना हा प्रश्न विचारा. त्यांनाही मजा येईल.

आता कागद कोणते, ते पाहू. पहिला आणि सर्वांत सोपा, शाळेच्या दाखल-खारिज रजिस्टरचा उतारा. संस्थानात प्राथमिक शाळेला तहतानिया, मधल्या शाळेला वस्तानिया आणि हायस्कूलला फौकानिया म्हणत. त्या काळी दाखल झालेल्या मुलाची नोंद उर्दूत सापडते: नाव, वालिदचे नाव, वय, कधी पेशाही. दुसरा, शेतीचा कागद. सातबारा सर्वांना माहीत आहे, पण त्याच्या मागचा फेरफार पाहा. त्याच्याही मागे १९५० च्या दशकातील खासरा पत्रक, आणि त्याआधीचे सेतवार. तिसरा, जन्म-मृत्यूची नोंद, म्हणजे गाव नमुना १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. चौथा, ज्यांच्या घरी काझी, खतीब, मुल्ला, मुजावर यांच्या खिदमतीची इनाम जमीन होती, त्यांचा मुंतखब. इनामाच्या चौकशीत वारस कोण हे ठरवावे लागे, म्हणून अशा कागदांत पुष्कळदा पिढ्यांचा शजरा मिळतो.

आणि पाचवा, माझ्या मते सर्वांत मोलाचा, निकाहाचा सियाहा. काझींकडे तो असे. त्यात वर-वधू, त्यांचे वालिद, वकील, साक्षीदार आणि मेहेर यांची नोंद असते. मेहेर 'सिक्का उस्मानिया'त लिहिलेला दिसला तर तो हाली रुपया समजावा; सुमारे सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, हा तेव्हाचा भाव.

कागदांत आपली नावे कशी येतात तेही समजून घ्या. आडनाव असे नसेच. 'शेख चांद वल्द शेख इमाम', बस्स. वल्द म्हणजे मुलगा. बाई असेल तर 'जौजे', म्हणजे अमक्याची बायको, किंवा 'बेवा', म्हणजे विधवा. एका गावात तीन शेख चांद असू शकतात. म्हणून एका नावावर उडी मारू नका. बापाचे नाव, गाव, शेताचा सर्व्हे नंबर, साक्षीदार, यांपैकी दोन गोष्टी जुळल्याशिवाय तो 'आपला' शेख चांद समजू नये. हदीसच्या विद्वानांनी शेकडो वर्षांपूर्वी हीच शिस्त घालून दिली: कोणी सांगितले, त्याला कोणी सांगितले, आणि ते दोघे एकमेकांना भेटले असतील काय? साखळीतली एक कडी कच्ची निघाली तर सगळी साखळी तपासायची.

ही शिस्त मोडली की काय होते याचे उदाहरण परदेशातले आहे. अमेरिकेतील ॲलेक्स हेली या कृष्णवर्णीय लेखकाने 'रूट्स' नावाचे पुस्तक १९७६ साली प्रसिद्ध केले. गुलाम म्हणून नेलेल्या आपल्या पूर्वजाचे गाव त्याने आफ्रिकेतील गांबियात शोधले. त्या पुस्तकाने लाखो लोकांना आपापली मुळे शोधायला लावले, हे त्याचे मोठे काम. पण पुढे अभ्यासकांनी नोंदी तपासल्या तेव्हा त्याची साखळी अनेक ठिकाणी जुळेना. मनाला जे हवे होते ते कानांनी ऐकले, असे तुमचे-माझेही होऊ शकते.

आमच्या घरी झाले ते असेच. आम्ही लहानपणापासून ऐकत आलो की आमचे पूर्वज अरबस्तानातून घोड्यांच्या काफिल्याबरोबर आले. मी हौसेने शोध सुरू केला. एका तालुक्याच्या जुन्या शाळेत आजोबांची नोंद मिळाली. मला शिकस्ता नीट वाचता येईना. तहसिलीतून निवृत्त झालेल्या एका वयोवृद्ध कारकुनाकडे गेलो. त्यांनी चष्मा पुसला, कागद खिडकीपाशी धरला आणि म्हणाले, "वालिदचा पेशा: नद्दाफ."

नद्दाफ म्हणजे कापूस पिंजणारा. आपला पिंजारी. काफिला नाही, घोडे नाहीत. खांद्यावर धनुकली घेऊन गावोगाव गाद्या भरून देणारा माणूस.

मी घरी येऊन हे सांगितले तेव्हा चाचा संतापले. "ये कागज फाड दो. बच्चों के रिश्ते करने हैं," म्हणाले. दोन महिने ते माझ्याशी बोलले नाहीत. मी कागद फाडला नाही, पण खरे सांगतो, लपवला मात्र होता.

पुढे आमच्याच घरातील एका मुलीला व्यवसाय शिक्षणाच्या प्रवेशासाठी जातीचे प्रमाणपत्र आणि त्याची पडताळणी हवी झाली. तुम्हा पालकांना हा अनुभव नवा नाही. पिंजारी, तांबोळी, बागवान, अत्तार, मण्यार, मोमीन अशा कितीतरी बिरादऱ्या इतर मागासवर्गात आहेत. पण त्यासाठी पुरावा १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा लागतो, सोबत वंशावळ द्यावी लागते, आणि सिद्ध करण्याची जबाबदारी कायद्याने अर्जदारावर आहे. आपली गोम अशी की जुन्या नोंदीत जातीच्या रकान्यात बहुधा एकच शब्द असतो, 'मुसलमान'. मग काय दाखवणार? त्या वेळी तो लपवलेला कागद बाहेर आला. इतर कागदांबरोबर तोही जोडला. मुलीचे काम झाले. चाचांनी त्या दिवशी पेढे वाटले आणि मला म्हणाले, "अच्छा हुआ फाडा नहीं."

मित्रांनो, मला जे सांगायचे आहे ते एवढेच. घराण्याचा इतिहास मोठेपणा मिरवण्यासाठी शोधू नका, खरे काय ते जाणण्यासाठी शोधा. जो कागद तुम्हाला खाली आणतो असे वाटते, तोच उद्या नातवाला वर काढील. आणि काढो न काढो, गाद्या भरून ज्याने आठ माणसांचे पोट भरले त्याच्या नावाची लाज कशाची?

हा प्रश्न काही आपल्याच समाजाचा नाही. २०२३ च्या पावसाळ्यापासून मराठवाड्यात मराठा बांधवांनी कुणबी नोंदींसाठी निजामकालीन दप्तरे धुंडाळली. सरकारने ७ सप्टेंबर २०२३ रोजी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांना तेव्हा अचानक मागणी आली. ज्या लिपीला आपण रद्दी समजलो, तिच्यासाठी शेजारचे पाटील आपल्या ओसरीवर येऊन बसले. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटचे नाव घरोघर गेले. पण एक ध्यानात घ्या, गॅझेटात समाजांचे आकडे असतात. तुमच्या आजोबांचे नाव तेथे नसते. नाव मिळते ते शाळेच्या, शेताच्या आणि काझीच्या दप्तरात.

याच कामातून मला सोबती मिळाले. एक निवृत्त हिंदू गुरुजी मोडी वाचतात. त्यांना त्यांच्या आजोबांचा उर्दू कागद वाचून हवा होता, मला आमच्या शेताचा मोडी कागद. आम्ही अदलाबदल केली. आता आम्ही पाच-सहा जण महिन्यातून एकदा भेटतो. चहा होतो, एकेक कागद मध्ये ठेवतो. एकट्याला महिनाभर न लागलेला शब्द चौघांत एका बैठकीत लागतो. आपल्या निलंग्यात १९१० साली जन्मलेले इतिहासकार सेतुमाधवराव पगडी फारसी आणि उर्दूचे केवढे जाणकार होते! भाषा कोणा एकाच्या घरची नसते. आपल्या मराठी समाजात कितीतरी घराण्यांनी आपले कुलवृत्तांत छापले. माणसे जमवून, प्रश्नपत्रिका पाठवून, वर्षानुवर्षे खपून. आपल्यालाही तसे करायला कोणी अडवलेले नाही.

आता एक जड गोष्ट. आपल्या भागात पुष्कळ घरांची कहाणी १९४८ पाशी तुटते. त्या आधीच्या महिन्यांत रझाकारांच्या जाचाने अनेक हिंदू कुटुंबे घरदार सोडून सरहद्दीपलीकडे गेली. मग १३ ते १७ सप्टेंबरची पोलीस ॲक्शन झाली, आणि त्या दिवसांत व त्यानंतर मुसलमान वस्त्यांवर जे ओढवले ते पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने त्याच वर्षाअखेर जिल्ह्या-जिल्ह्यांत फिरून लिहून ठेवले. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. तेव्हा लातूर उस्मानाबादेतच होते. त्याच अहवालात जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना आसरा देणाऱ्या हिंदूंचीही नोंद आहे. त्या दिवसांबद्दल आपले वडीलधारे बोलत नाहीत. त्यांना खोदून विचारू नका. जवळ बसा. ते बोलले तर ऐका, आणि आपल्याला कोणी वाचवले त्याचे नाव आधी लिहून घ्या. हा इतिहास हिशेब चुकते करण्यासाठी नसतो. जे गेले त्यांची नावे राहावीत, इतक्यासाठी असतो.

दुसरा तुटवडा ३० सप्टेंबर १९९३ चा. किल्लारीच्या भूकंपात पहाटे दगडमातीच्या भिंती कोसळल्या आणि माणसांबरोबर भिंतीतल्या कोनाड्यांतील कागदही गाडले गेले. अशा घरांनी धीर सोडू नये. आपल्या घरची प्रत गेली तरी कचेरीतली, शाळेतली, काझीकडची, मामाच्या गावची प्रत राहिलेली असू शकते.

फोटोंबद्दल थोडे सांगतो. सिकंदराबादेत राजा दीनदयाळांचा स्टुडिओ १८८० च्या दशकातला. पण आपल्यासारख्यांच्या घरी फोटो आले ते पुष्कळ उशिरा, आणि बहुधा पुरुषांचेच. जुना फोटो हाती आला की आधी पाठ पाहा: स्टुडिओचा शिक्का, गाव, कोणाचे अक्षर. मग पोशाख: रुमी टोपी आहे की जिना टोपी, शेरवानी आहे की कोट. मग मागचा रंगवलेला पडदा. फोटोच्या पाठीवर बॉलपेनने कधी लिहू नका, मऊ पेन्सिलीने कडेला लिहा. डिंकाने चिकटवू नका. फोनने फोटो काढून ठेवा, पण मूळ टाकू नका. आणि सर्वांत मुख्य, जी दादी त्यातील चेहरे ओळखते ती हयात आहे तोवर तिच्यापुढे तो फोटो धरा. ती गेल्यावर तो नुसता पाच अनोळखी माणसांचा कागद उरतो.

दादीला तारीख विचारू नका. "तुमचा जन्म कधीचा?" म्हटले तर ती हसेल. विचारा, "पोलीस ॲक्शनच्या वेळी तुम्ही केवढ्या होता? अब्बा बहात्तरच्या दुष्काळात शाळेत जात होते काय? भूकंपाच्या वेळी कोण कोणत्या घरी होते?" अशा खुणांवरून सन आपोआप निघतो.

शेवटी बायकांची नावे. 'जौजे' आणि 'बेवा' यांच्या मागे ती हरवली आहेत. शोधायची असतील तर दोन जागा पाहा. एक फेरफारातील वारसांची यादी. तेथे मुलींची नावे लिहावी लागतात, आणि पुष्कळदा त्याच्याच मागोमाग त्यांचे हक्कसोडपत्र सापडते. ते वाचताना मान खाली जाते, तरी वाचा. दुसरी जागा काझीचा सियाहा.

माझ्या पणजीचे नाव मला तेथेच मिळाले. काझींच्या घरी कापडी बस्त्यात बांधलेले रजिस्टर, वाळवीने कडा खाल्लेल्या. वधूच्या रकान्यात एक नाव, तिच्या वालिदचे नाव, आणि मेहेर. बडी माँला नाव होते! सुंदर नाव होते. ते येथे सांगत नाही. ते आमच्या घरचे आहे. पण त्या वर्षी घरात मुलगी जन्मली आणि तेच नाव तिला ठेवले गेले. चाचांनीच कानात अजान दिली आणि त्यांनीच ते नाव सुचवले.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला या सुट्टीचे एकच काम देतो. एक वही घ्या. पहिल्या पानावर आपले नाव, दुसऱ्यावर आई-वडिलांचे, तिसऱ्यावर चारही आजी-आजोबांचे, चौथ्यावर आठांचे. आठांपैकी किती जागा रिकाम्या राहतात ते पाहा. ऐकलेली गोष्ट पेन्सिलीने लिहा, कागदावर पाहिलेली शाईने. आणि पालकांनो, यंदाच्या रंगसफेदीआधी ट्रंक उघडून बसा. वाचता आले नाही तरी चालेल; फेकू नका. वाचणारा सापडतो. फेकलेला कागद सापडत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.